परदेशात मोबाईलचं नेट स्वस्तात कसं मिळवायचं

माझ्या पहिल्या परदेश प्रवासात विमानतळापासून हॉटेलपर्यंत फोन पर्समध्येच होता. खोलीत पोचून पाहिलं, तर मोबाईल कंपनीचा मेसेज आलेला: रोमिंगची मर्यादा संपली, डेटा बंद केला आहे. मी एकही पान उघडलं नव्हतं. निघताना काढलेले फोटो आणि व्हिडिओ फोन आपणहून क्लाउडवर चढवत बसला होता, आणि मधल्या वेळात दोन-चार अॅपही अपडेट होऊन गेली होती. एका फोटोला तीन-चार एमबी लागतात, मिनिटभराच्या व्हिडिओला शंभरच्या आसपास. पॅक न घेता जेव्हा एकेका एमबीचे पैसे लागतात, तेव्हा हे किती महागात पडतं ते मला त्या रात्री समजलं.

तेव्हापासून मी एक गोष्ट पाळते आणि पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते. नंबर आणि नेट या दोन वेगळ्या गोष्टी धरा. घरचं सिम फक्त नंबरासाठी, म्हणजे ओटीपी, बँकेचे मेसेज आणि अडीअडचणीचा फोन यांसाठी. नेट दुसऱ्या सिमवरून. यातलं बहुतेक काम घरी, स्वतःच्या वाय-फायवर, निघायच्या आदल्या आठवड्यातच उरकतं. उतरल्यावर विमानतळावर थकलेल्या डोक्यानं जे निर्णय घ्यावे लागतात, ते जवळजवळ नेहमी महाग पडतात.

पहिलं काम: आपला फोन काय काय करू शकतो ते बघा

तीन गोष्टी तपासायच्या आहेत.

फोन लॉक आहे का? हप्त्यांवर किंवा मोबाईल कंपनीच्या करारावर घेतलेला फोन पुष्कळदा त्याच कंपनीच्या सिमला बांधलेला असतो. त्यात दुसरं सिम घातलं तरी चालत नाही. आयफोनवर सेटिंग्जमध्ये ‘जनरल’, मग ‘अबाउट’ उघडा आणि ‘कॅरिअर लॉक’ या ओळीपुढे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ लिहिलंय का ते पाहा. इतर फोनांसाठी सर्वांत सोपा उपाय म्हणजे ओळखीच्या कुणाचं तरी दुसऱ्या कंपनीचं सिम पाच मिनिटं घालून बघणं. लॉक असेल तर कंपनीकडून तो काढून घ्यायला काही दिवस लागू शकतात, म्हणून हे सगळ्यात आधी करा.

ई-सिम, म्हणजे कार्डाऐवजी नेटवरून फोनमध्येच उतरवायचं सिम, चालतं का? फोनच्या डायलरवर *#०६# दाबा. १५ आकड्यांच्या आयएमईआय नंबरबरोबर ३२ आकड्यांचा ‘ईआयडी’ नावाचा नंबर दिसला, तर फोनमध्ये ई-सिमची चिप आहे. आयफोनमध्ये ती २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआर या मॉडेलांपासून आली. पण फोन कुठल्या देशात विकला गेला यावरही बरंच अवलंबून असतं. चीनच्या मुख्य भूमीत विकल्या गेलेल्या बहुतेक आयफोनमध्ये ई-सिम नाही. उलट अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ आणि त्यापुढच्या फोनांना सिमकार्डाची खाचच नाही. म्हणजे परक्या देशातल्या दुकानात मिळणारं प्लास्टिकचं सिम त्यांच्या काही कामाचं नाही.

आणि तिसरं, जुना फोन असेल तर तो ४जी वरून साधा कॉल करू शकतो का? याला व्होल्टी म्हणतात. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी ३जी २०२२ मध्ये बंद केलं, ऑस्ट्रेलियात ते २०२४ च्या ऑक्टोबरअखेर संपलं. ऑस्ट्रेलियात तर जो फोन ४जी वरून आपत्कालीन नंबराला कॉल करू शकत नाही, तो नेटवर्कवर घेतच नाहीत. जुना, ठेवणीतला फोन ‘प्रवासापुरता’ नेणाऱ्यांनी हे आवर्जून तपासावं.

किती नेट लागेल याचा अंदाज

नवखी माणसं इथे दोन्हीकडून चुकतात. कुणी एक जीबी घेऊन दुसऱ्याच दिवशी संपवतं, तर कुणी घाबरून पन्नास जीबी घेतं आणि चाळीस वाया घालवतं.

नकाशा, मेसेज, थोडं शोधणं, तिकिटं आणि एखाद-दोन आवाजी कॉल एवढंच असेल, तर मला दिवसाला तीनशे ते पाचशे एमबी पुरतात. व्हॉट्सअॅपच्या आवाजी कॉलला मिनिटाला साधारण अर्धा एमबी लागतो, व्हिडिओ कॉलला त्याच्या कितीतरी पट. खरा खाऊन टाकणारा प्रकार म्हणजे व्हिडिओ पाहणं. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की साध्या दर्जाला तासाला १ जीबीपर्यंत आणि एचडीला ३ जीबीपर्यंत लागतात. सोशल मीडियावर बोट फिरवताना आपोआप सुरू होणारे छोटे व्हिडिओही याच खात्यात जातात, आणि ते लक्षातही येत नाहीत.

अंदाजापेक्षा चांगला मार्ग फोनमध्येच आहे. सेटिंग्जमधला मोबाईल डेटाचा वापर उघडा, गेल्या महिन्याचा आकडा आणि तो कुठल्या अॅपनं खाल्ला ते बघा. त्यातून व्हिडिओ आणि अपडेट वजा करा. उरलेला आकडा तीसने भागला की तुमची रोजची खरी गरज मिळते.

कुठून घ्यायचं?

*घरच्या कंपनीचा रोमिंग पॅक.* दोन-तीन दिवसांचं काम असेल, किंवा सोबत वयस्कर माणूस असेल आणि सेटिंगांची झटापट नको असेल, तर हा पर्याय चांगला. नंबरही चालू राहतो, नेटही. पॅक घेताना मात्र चार गोष्टी वाचा: तुमचा देश यादीत आहे का, त्या देशातल्या कुठल्या नेटवर्कवर पॅक चालतो, दिवस कसा मोजतात (२४ तास की रात्रीच्या बारापर्यंत, आणि बारा कुठल्या देशाचे), आणि डेटा संपल्यावर काय होतं. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. काही पॅकमध्ये डेटा संपल्यावर नेट थांबतं, काहींत ते मुकाट्यानं साध्या, महागड्या दरानं चालू राहतं. थांबणारा पॅक निवडा.

*तिकडच्या कंपनीचं सिम.* आठवड्याहून जास्त मुक्काम आणि एकच देश असेल, तर बहुतेक वेळा हेच सगळ्यात स्वस्त. वेगही चांगला मिळतो आणि तिकडचा नंबर मिळतो, जो टॅक्सीवाल्याला किंवा घरमालकाला देता येतो. विमानतळावरच्या काउंटरवर ‘पर्यटकांसाठी’ म्हणून जे देतात त्यापेक्षा शहरातल्या कंपनीच्या दुकानातला साधा प्रीपेड प्लॅन सहसा स्वस्त असतो. पुष्कळ देशांत पासपोर्ट दाखवल्याशिवाय सिम मिळत नाही. जर्मनीत २०१७ पासून प्रीपेड सिमलाही ओळख पटवावी लागते. ब्रिटनमध्ये मात्र अशी सक्ती नाही.

दुकानातून निघण्यापूर्वी तिथेच सिम घालून एखादं पान उघडून बघा. भाषा येत नसेल तर सेटिंग तिथल्या माणसाकडूनच करून घ्या, त्याचं ते रोजचं काम असतं. ज्या कार्डातून सिम तोडून देतात ते कार्ड फेकू नका, त्यावर पिन आणि पीयूके छापलेले असतात. युरोपात अनेक सिमना सुरुवातीपासूनच पिन असतो. फोन बंद करून चालू केला की तो मागतो, तीनदा चुकला की सिम अडतं, आणि मग पीयूके लागतो. कार्डाचा फोटो काढून ठेवा. घरचं सिम काढलं असेल तर तेही त्याच कार्डाला चिकटपट्टीनं चिकटवा. नखाएवढी ती चकती हरवली, तर परत येईपर्यंत बँकेचे व्यवहार अडून बसतील.

रस्त्यावर कुणी ‘आधीच चालू केलेलं’ सिम देऊ केलं तर घेऊ नका. ते दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर असतं, आणि कधीही बंद होऊ शकतं.

*प्रवासी ई-सिम.* दोन-तीन देश एका फेरीत असतील, किंवा उतरताक्षणी नेट हवं असेल, तर हेच. यावर पुढे सविस्तर लिहिते.

*पॉकेट वाय-फाय.* हाताच्या पंजात मावणारा राउटर भाड्यानं घ्यायचा. जपानमध्ये हे फार रुळलेलं आहे, विमानतळावर घेता आणि परत करता येतो. चार-पाच माणसं कायम एकत्र फिरणार असतील तर हिशेब जमतो. पण ज्याच्या पिशवीत राउटर, त्याच्या मागे सगळ्यांनी फिरायचं, आणि संध्याकाळी बॅटरी संपली की सगळ्यांचं नेट एकदम जातं. त्यापेक्षा एकाच्या फोनवर मोठा प्लॅन घेऊन हॉटस्पॉट वाटणं मला सोयीचं वाटतं. फक्त प्लॅनमध्ये हॉटस्पॉटला परवानगी आहे ना, ते आधी बघा.

*फुकट वाय-फाय.* याला पूरक समजा, आधार समजू नका. कित्येक विमानतळांवर आणि स्टेशनांवर ते सुरू करायलाच फोनवर ओटीपी लागतो, आणि नेमका तोच येत नसतो. अनोळखी वाय-फायवर बँकेचे व्यवहार टाळा. हॉटेलच्या वाय-फायवर मात्र रात्री फोटोंचा बॅकअप, अपडेट आणि दुसऱ्या दिवसाचे नकाशे हे सगळं उरकून घ्या.

ई-सिम घेताना आणि बसवताना

ई-सिम म्हणजे फोनच्या आतल्या चिपमध्ये नेटवरून उतरवलेलं सिम. दुकान नाही, कार्ड नाही. विकणाऱ्या कंपन्या भरपूर आहेत आणि जाहिरातीही भरपूर. म्हणून दर बघण्याआधी पुढच्या गोष्टी बघा.

‘अनलिमिटेड’ या शब्दावर थांबा. खालची बारीक अक्षरं वाचली की बहुतेक ठिकाणी कळतं की रोज एक-दोन जीबीनंतर वेग कमी होतो. किती कमी, हा आकडा शोधा. समजा तो १२८ केबीपीएस आहे. याचा अर्थ सेकंदाला १६ किलोबाइट, म्हणजे मिनिटाला जेमतेम एक एमबी. तीन एमबीचा एक फोटो पाठवायला तीन मिनिटं. मजकूर जाईल, पण नकाशा तुकड्या-तुकड्यानं उमटेल आणि व्हिडिओ कॉल विसराच. मोजक्या डेटाचा पूर्ण वेगाचा प्लॅन अशा अनलिमिटेडपेक्षा कितीतरी उपयोगी पडतो.

मुदत कधीपासून मोजतात? काहींची फोनमध्ये बसवल्या क्षणापासून, काहींची तिकडच्या नेटवर्कला पहिल्यांदा जोडल्यापासून. दुसऱ्या प्रकारचं असेल तर निघायच्या आदल्या दिवशी घरीच बसवून टाका. पहिल्या प्रकारचं असेल तर विमानतळाच्या वाय-फायवर, निघण्याच्या थोडं आधी.

नंबर मिळतो का? बहुतेक प्रवासी ई-सिम फक्त डेटाची असतात. त्यांना साधा कॉल येत नाही, त्यांच्यावरून करताही येत नाही. तुमचं व्हॉट्सअॅप मात्र घरच्याच नंबरवर चालू राहतं. नवं सिम घातल्यावर ‘नंबर बदलायचा का?’ असं विचारलं, तर नाही म्हणा.

आता बसवण्याचं. विकत घेतल्यावर ईमेलनं क्यूआर कोड येतो, आणि तो त्याच फोनच्या कॅमेऱ्यानं टिपायचा असतो. ईमेल त्याच फोनवर, टिपायचाही त्याच फोननं, अशी अडचण पुष्कळांची होते. म्हणून कोड दुसऱ्या फोनवर किंवा कागदावर ठेवा, आणि खाली दिलेला अक्षरी कोडही जपून ठेवा, तो हातानंही भरता येतो. बसवताना वाय-फाय लागतं, मध्येच तोडू नका. कोड सहसा एकदाच चालतो. त्यामुळे नेट लागत नाही म्हणून वैतागून ई-सिम डिलीट करू नका. डिलीट केलं की ते बहुधा गेलंच.

बसवल्यावर त्याला नाव द्या. फोन स्वतः ‘सेकंडरी’ असलं काहीतरी नाव देतो, आणि घाईत कुठलं कुठलं ते कळत नाही. मी सरळ ‘प्रवास’ आणि ‘घर’ अशी नावं देते.

आता या सगळ्यातला खरा मुद्दा. दोन सिमची सेटिंग अशी हवी:

१. मोबाईल डेटासाठी ‘प्रवास’ निवडा.
२. ‘प्रवास’ या सिमचं डेटा रोमिंग चालू करा.
३. ‘घर’ या सिमचं डेटा रोमिंग बंद करा.
४. एका सिमची रेंज गेली की दुसऱ्यावरून डेटा घेण्याची आपोआप सोय (आयफोनवर ‘अलाउ सेल्युलर डेटा स्विचिंग’) बंद करा.

दुसऱ्या पायरीला सगळे अडखळतात. ‘रोमिंग चालू केलं की बिल येतं’ हे आपल्या मनावर इतकं ठसलेलं असतं की हात पुढे जात नाही. पण प्रवासी ई-सिम ही मुळात कुठल्या तरी तिसऱ्याच देशातल्या कंपनीची असते, ती तुमच्या मुक्कामाच्या देशात रोमिंगवरच चालते. तिचे पैसे तुम्ही आधीच भरलेले आहेत. धोका आहे तो घरच्या सिमच्या रोमिंगचा. आणि चौथी पायरी विसरलात तर बोगद्यात किंवा डोंगरात ‘प्रवास’ची रेंज गेली की फोन घरच्या सिमकडे वळू शकतो. तिथलं रोमिंग बंद असेल तर निभावेल, पण दोन्ही कुलपं लावलेली बरी.

तिसऱ्या देशातून चालण्याचे आणखी दोन परिणाम दिसतात. वेबसाइटना वाटतं तुम्ही त्या तिसऱ्याच देशात आहात, त्यामुळे पानं भलत्याच भाषेत आणि किमती भलत्याच चलनात दिसतात. यात बिघाड काही नाही. दुसरा परिणाम फायद्याचा आहे: चीनमध्ये स्थानिक सिमवर गूगल आणि व्हॉट्सअॅप चालत नाहीत, पण रोमिंगवरच्या परदेशी सिमचा डेटा बाहेरच्या देशातून फिरून येत असल्यामुळे ती चालतात. तिथे जाणाऱ्यांनी हे निघण्यापूर्वीच ठरवावं.

घरच्या नंबराची व्यवस्था

घरच्या कंपनीला तीन प्रश्न विचारा: परदेशात माझा नंबर चालू राहण्यासाठी काय करावं लागेल, येणाऱ्या एसएमएसला पैसे पडतात का, आणि आलेला कॉल उचलला तर काय दर. ओटीपीसाठी एसएमएस येणं पुरेसं असतं, डेटा लागत नाही.

कॉल फॉरवर्डिंगकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. तुम्ही कॉल उचलला नाही आणि तो व्हॉइसमेलला किंवा दुसऱ्या नंबराला वळवलेला असेल, तर कॉल आधी तुमच्यापर्यंत परदेशात येतो आणि तिथून परत घरी जातो. दोन्ही फेऱ्यांचे पैसे तुमच्याकडून घेतले जाऊ शकतात, तेही फोन न उचलता. निघण्यापूर्वी ##००२# डायल केलं की सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं.

घरची कंपनी वाय-फाय कॉलिंग देत असेल तर तेही विचारून घ्या. हॉटेलच्या वाय-फायवरून घरच्याच नंबराचा कॉल करता येतो आणि काही कंपन्या त्याला घरचाच दर लावतात.

बँकेच्या अॅपमध्ये निघण्यापूर्वी एकदा लॉगिन करा. जी अॅप सिम काढलं की परत नोंदणी मागतात, त्यांच्यामुळे मी घरचं सिम फोनमधून काढतच नाही.

घरूनच भरून न्यायची शिदोरी

नकाशे उतरवून घ्या. गूगल मॅप्समध्ये शहराचा भाग डाउनलोड करता येतो. नेट नसतानाही निळा ठिपका तुमची जागा दाखवतो, कारण जीपीएस उपग्रहांकडून फक्त ऐकतं, त्याला नेट लागत नाही. गाडीचा रस्ता ऑफलाइन मिळतो, मात्र बस-ट्रेनच्या वेळा आणि ट्रॅफिक मिळत नाही. भाषांतराच्या अॅपमध्ये तिकडची भाषा उतरवा. तिकिटं, हॉटेलचा पत्ता आणि बोर्डिंग पास यांचे स्क्रीनशॉट काढा.

मग फोनला शिस्त लावा: फोटोंचा बॅकअप आणि अपडेट फक्त वाय-फायवर, व्हिडिओ आपोआप सुरू होणं बंद, व्हॉट्सअॅपवर मोबाईल डेटावरून फोटो-व्हिडिओ उतरणं बंद, आणि फोनचा डेटा सेव्हर किंवा लो डेटा मोड चालू. दहा मिनिटांचं काम आहे, आणि माझ्या अनुभवात यानं निम्मा डेटा वाचतो.

उतरल्यावर

फ्लाइट मोड काढण्यापूर्वी वरच्या चार सेटिंग पुन्हा एकदा बघा. मग काढा आणि दोन-तीन मिनिटं थांबा.

रेंज दिसते पण नेट लागत नाही, असं झालं तर या क्रमानं जा. फ्लाइट मोड चालू-बंद करा. ‘प्रवास’चं रोमिंग खरंच चालू आहे का ते बघा. नेटवर्क आपोआप निवडणं बंद करून, ई-सिमच्या माहितीत दिलेलं नेटवर्क हातानं निवडा. तरी नाही तर एपीएन तपासा. एपीएन म्हणजे डेटाला कुठल्या दारानं जायचं त्याचं नाव. ते ईमेलमध्ये दिलेलं असतं, एकही अक्षर न चुकवता भरा आणि फोन बंद करून चालू करा. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक तक्रारी रोमिंग आणि एपीएन या दोन जागीच मिटल्या.

सीमा, जहाज आणि विमान

युरोपीय संघातल्या कुठल्याही देशात घेतलेलं सिम १५ जून २०१७ पासून संघातल्या इतर देशांत जादा पैसे न घेता चालतं (थोड्याफार वापराच्या मर्यादांसह). नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनस्टाइनही यात येतात. स्वित्झर्लंड येत नाही. ब्रिटनही आता संघाबाहेर आहे, म्हणून तिथलं प्लॅनमध्ये वेगळं तपासावं लागतं. जिनिव्हासारख्या शहरात हे टोचतं, कारण ते फ्रान्सनं तीन बाजूंनी वेढलेलं आहे आणि फोन बसल्या जागी या देशाच्या नेटवर्कवरून त्या देशाच्या नेटवर्कवर जातो. अशा ठिकाणी नेटवर्क हातानं निवडून ठेवा.

जहाजानं किनारा सोडला की जहाजावरचं स्वतःचं मोबाईल नेटवर्क सुरू होतं, ते उपग्रहावरून चालतं आणि नेहमीच्या पॅकमध्ये बसत नाही. काही विमानांतही असंच असतं. दोन्हीकडे फ्लाइट मोड लावा आणि हवं तर फक्त वाय-फाय चालू करा.

परत आल्यावर

मोबाईल डेटा पुन्हा ‘घर’वर आणा, नाहीतर दोन दिवस ‘नेट का चालत नाही’ म्हणून शोधत बसाल. रद्द केलेलं फॉरवर्डिंग हवं असेल तर परत लावा. कंपनीचा रोमिंग पॅक दर महिन्याला आपोआप नवा होणारा असेल तर तो बंद करा. ई-सिमची मुदत संपली असली तरी ती लगेच काढू नका. काही कंपन्या त्याच ई-सिमवर पुढच्या प्रवासाचं रिचार्ज देतात, आणि क्यूआर कोडची सगळी खटपट वाचते.